डाव्या काठापासून वीतभर

मशीन आलं तेव्हा मी नारळ फोडला नव्हता. अक्का म्हणाली फोड, मी म्हणालो आधी चालू दे. लोकांना वाटतं मी देव मानत नाही. मानतो. पण वस्तू घेताना देवाला मधे घालायचं नाही, एवढं मला माझ्या पूर्वीच्या केळीच्या हातगाडीने शिकवलं. नंतर मशीन बिघडलं तेव्हा नातेवाइकांनी नारळाची गोष्ट काढलीच. त्यांना सांगितलं, नारळ फोडला असता तरी पट्टी तिथेच करपली असती.

ही पट्टी काय, ते आधी सांगतो. जळगावच्या एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे. कच्च्या केळीच्या चकत्या करायच्या, वाळवायच्या, दळून पीठ करायचं. उपवासाच्या पदार्थांत हे पीठ चालतं, आणि माझं बहुतेक पीठ धुळ्याच्या एका व्यापाऱ्याकडे जातं. त्यांना सगळे नाना म्हणतात, मीही म्हणतो. पूर्वी आम्ही चकत्या उन्हात वाळवायचो. ऊन फुकट असतं, पण त्यात धूळ येते, पाखरं येतात आणि पीठ पिवळं पडतं. म्हणून मी मायक्रोवेव्हचं मशीन घेतलं. घरातल्या मायक्रोवेव्हसारखंच, पण लांबलचक बोगदा. आतून टेफ्लॉनचा पट्टा सरकत जातो. या तोंडाने ओल्या चकत्या घालायच्या, त्या तोंडाने कोरड्या निघतात.

पट्ट्यावर चकत्या पसरण्याचं काम अक्काचं. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. असोद्याला राहते. मेव्हणे गेल्यावर तिने माझ्याकडे काही मागितलं नाही. मीच म्हणालो, काम आहे, ये. रोज सकाळच्या बसने येते आणि पट्ट्याच्या तोंडाशी उभी राहते. तिच्या हाताखाली चकत्या अशा पडतात की एकीवर दुसरी चढत नाही. मी तिच्या शेजारी उभं राहून करून पाहिलं आहे, माझ्याने होत नाही.

नवं मशीन सुरू झालं आणि बाहेर येणाऱ्या मालात एक करपलेली पट्टी दिसू लागली. डाव्या काठापासून वीतभर आत, पट्ट्याच्या लांबीला धरून सरळ रेघ. दोन्ही बाजूंना माल पांढरा, मधे तपकिरी. ते पिठात दळलं की सगळं पीठ कडवट लागायचं. मी कंपनीला फोन केले. शांतपणे केले असं म्हणणार नाही. शेवटी त्यांचा माणूस आला, मी नेमका पाचोऱ्याला माल बघायला गेलो होतो तेव्हा. त्याने मशीन पाहिलं, अक्काला काम करताना पाहिलं, आणि अहवाल लिहून गेला. अहवालात एक वाक्य होतं: ऑपरेटरने माल असमान पसरल्यामुळे करप येत आहे, मशीनमध्ये दोष नाही.

त्याची एक प्रत कंपनीने धुळ्यालाही पाठवली. का पाठवली, हे मी अजून विचारतो आणि ते अजून उत्तर देत नाहीत. नानांचा फोन आला.

"भाऊ, मी काय म्हनस, तुनी बहीन बिचारी बरी शे. पन मशीनवर शिकेल मानूस पाहिजे. मी धुळाथून एक पोऱ्या धाडस."

"नाना, पोऱ्या नको. अक्का जाणार नाही."

"मंग माल?"

"माल चांगला देतो."

"कडू पीठ लोके खातीन का, भाऊ?"

फोन ठेवला. अक्का समोरच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. डबा आवरला आणि नेहमीच्या बसच्या आधीच्या बसने घरी गेली. तेवढं मला पुरे झालं. मी ठरवलं, हे वाक्य खोटं आहे आणि ते मी खोटं ठरवून दाखवणार.

आता अडचण अशी, की मायक्रोवेव्हची लाट दिसत नाही. तिला वास नाही, आवाज नाही. बोगद्यात कुठे जास्त आहे आणि कुठे कमी, हे डोळ्याने कळणार नाही. हात घालून बघता येत नाही, आणि झाकण उघडलं की मशीन आपोआप बंद पडतं. पण ती ज्या वस्तूवर पडते ती वस्तू तापते. म्हणजे लाट दिसली नाही तरी तिने तापवलेली जागा दिसली पाहिजे. आणि ताप बघायचं यंत्र मला माहीत होतं. आमच्या एमआयडीसीत एक इलेक्ट्रिकचा ठेकेदार आहे. पॅनेलमधला कुठला जोड सैल होऊन तापतो आहे, हे तो थर्मल कॅमेऱ्याने बघतो. तापलेल्या वस्तूतून निघणारे अवरक्त किरण आपल्याला दिसत नाहीत, त्या कॅमेऱ्याला दिसतात. गरम जागा पिवळी-पांढरी, थंड जागा निळी-जांभळी. मी त्याच्याकडे कॅमेरा मागितला. तो भाड्याचं बोलू लागला. मी विचारलं, तुमच्या घरी वर्षभर केळीचं पीठ कोण पाठवतं? कॅमेरा मिळाला.

पहिल्या दिवशी मी मशीन चालवलं, थांबवलं, झाकण उघडून कॅमेरा आत धरला. पडद्यावर एक पिवळा डोळेवाला गोळा दिसला. मी हललो की तोही हलायचा. बराच वेळ मला वाटलं, सापडला दोष. अक्का मागून म्हणाली, "अरे, हे तुह्यंच थोबाड दिसून राह्यलं." खरंच. आतली भिंत स्टीलची, घासून चकचकीत केलेली. ती स्वतःचा ताप दाखवत नाही, समोरच्याचा परत फेकते. माझ्या रागाने तापलेलं तोंड मीच बघत होतो.

मग पट्ट्यावर काहीतरी अंथरायला हवं, हे कळलं. ओलं फडकं अंथरलं. त्याला सुरकुत्या पडल्या आणि पाणी खोलगट भागात जमलं, तिथे वेगळंच तापायचं. चकत्या चालल्या नसत्या. त्या अक्काने पसरल्या म्हणून तर भांडण होतं. मला अशी वस्तू हवी होती जी पातळ असेल, म्हणजे लाटेला अडवणार नाही, आणि एका जागचा ताप दुसरीकडे पळणार नाही. सगळीकडे सारखी हवी. थोडी ओल हवी, म्हणजे तापेल. आणि चकचकीत नको.

चैत्र चालू होता. असोद्यात घरोघर पापड लाटणं चाललं होतं. आमच्याकडे ही कामं एकटीने होत नाहीत. आज एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या. सगळ्याजणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जातात, गोल करून बसतात, आणि ज्या घरचं पीठ त्या घरचे पापड खाटेवर वाळत पडतात. मी अक्काला सोडायला गेलो होतो, आणि खाटेवर ओळीने पसरलेले ओले उडदाचे पापड पाहिले. पातळ. गोल. मंद, बिनचमकीचे. ओल धरून असलेले.

"अक्का, हे पापड पट्ट्यावर पसरायचे. काठाला काठ लावून."

"भाजायले?"

"नाही. बघायला."

"डोकं फिरलं तुह्यं," ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी टोपल्या घेऊन आली. एका घरचे पापड पुरणार नव्हते म्हणून तिने चार घरचे गोळा केले होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पापड तो पापड.

मी कंपनीला कळवलं, माणूस पाठवा. नानांनाही बोलावलं. नाना आधी नाही म्हणाले, मग पारोळ्याला त्यांचं काही काम निघालं आणि तिथून पुढे आले. कंपनीचा माणूस या वेळी दुसरा होता. तरुण इंजिनिअर, पुण्याहून रेल्वेने आलेला, बोलायला सौम्य. मला सौम्य माणसांशी भांडता येत नाही, म्हणून ते मला आवडत नाहीत. अक्काने पापड पसरले आणि त्याने पाहिलं. कुठे फट नाही, कुठे चढ नाही. पट्टा बंद ठेवला, म्हणजे माल सरकणार नाही आणि ताप जिथला तिथे दिसेल. झाकण लावलं, काही क्षण मशीन चालवलं, बंद केलं, झाकण उघडून लगेच कॅमेरा धरला.

डावीकडे वीतभर आत पिवळी पट्टी. सरळ, लांब. माझी छाती फुगली.

"पाहा साहेब. अक्काचा हात इथे कुठे आहे?"

इंजिनिअर पडद्यावर वाकला. बराच वेळ बघत राहिला. मग त्याने बोट उजवीकडे ठेवलं. "आणि भाऊ, हे?"

उजव्या बाजूला चार-पाच पापड तसेच पिवळे होते. एखादा इथे, एखादा तिथे. ओळ नाही, काही नाही.

"हे पापड एकाच घरचे आहेत का?" त्याने विचारलं.

अक्का म्हणाली, "नही. चार घरचे. ते मोठेवाले माह्या जावेचे."

"मीठ सारखं असतं?"

अक्का हसली. "तिचा हात मिठाले भारी."

इंजिनिअर म्हणाला, "मीठ आणि पापडखार जास्त असलेला पापड मायक्रोवेव्ह जास्त शोषतो. जास्त तापतो. मग भाऊ, डावीकडची पट्टीसुद्धा मिठाची नाही कशावरून? खारट पापड एका ओळीत पडले असतील."

हे बोलणं खरं होतं, आणि म्हणूनच मला जास्त झोंबलं. मी आवाज चढवला. म्हणालो, ज्याने अहवाल लिहिला त्याने मिठाची चौकशी केली होती का? अक्काचा हात तपासताना तुमच्याकडे कुठला कॅमेरा होता? नाना म्हणाले, "भाऊ, डोकं थंड ठेव. साहेब बरोबर बोली ऱ्हायना." अक्का पाण्याचा तांब्या घेऊन आली. माझ्यासाठी नाही, इंजिनिअरसाठी.

मी बाहेर जाऊन उभा राहिलो. रागात असताना मला हातगाडीचे दिवस आठवतात. तेव्हा मी केळी पहूरच्या एका दलालाकडून घ्यायचो. त्याचा तराजू खोटा होता, हे सगळ्यांना माहीत होतं, पण सिद्ध कोणी करत नव्हतं. मी एकदा म्हणालो, शेठ, वजनं त्या पारड्यात टाका आणि केळी या पारड्यात. तराजू खरा असेल तर तेवढंच भरेल. खोटा असेल तर खोट जिथली तिथेच राहील, माल कुठेही ठेवा. वजन तेवढं भरलं नाही. दलालाने मला त्या दिवसानंतर माल दिला नाही, पण बाजारात त्याचं वजन कोणी मानलं नाही.

मी आत आलो. "साहेब, अदलाबदल करू."

"म्हणजे?"

"डावीकडच्या पट्टीतले पापड उचलून उजवीकडे ठेवा. उजवीकडचे, पिवळे झालेले धरून, त्या पट्टीत ठेवा. थंड होऊ द्या. मग परत चालवा. ताप पापडाचा असेल तर पापडाबरोबर जाईल. मशीनचा असेल तर जागेवर बसेल."

इंजिनिअरने माझ्याकडे पाहिलं, आणि मग त्याने स्वतः बाह्या वर केल्या. हे मात्र त्याच्या बाजूने सांगतो. दुसऱ्या कोणी वेळ मागितला असता. कोणता पापड कुठून कुठे गेला याचे मोबाइलवर फोटो काढत काढत त्याने पापड हलवले. एक पापड मोडला, तर तो बाजूला ठेवला आणि त्या जागी दुसरा घातला नाही. नाना खुर्ची पुढे ओढून बसले.

पापड गार झाल्यावर झाकण लावलं. पहिल्याइतकाच वेळ मशीन चाललं. बंद केल्यावर आत बारीक चटचट ऐकू आली. झाकण उघडलं तर भाजलेल्या उडदाचा वास सुटला. डावीकडच्या जागी अक्काच्या जावेचे खारट पापड ठेवले होते ते फुगले होते, फोड आले होते, एकाच्या मधोमध काळा डाग. जे पापड आधी डावीकडे तापले होते ते उजवीकडे जाऊन थंड पडले होते. पडद्यावर निळे. आणि पट्टी होती तिथेच. डाव्या काठापासून वीतभर.

"बठ्ठं डावीकडेच शे," नाना म्हणाले, म्हणजे सगळं डावीकडेच आहे. आणि मग, कोणाकडे न बघता, एक भाजलेला पापड उचलून त्यांनी खाल्ला. "खारं शे," म्हणाले.

इंजिनिअरने मान्य केलं. त्याने कागदावर चित्र काढून समजावलं. वरच्या ज्या खिडक्यांतून लाटा आत येतात, त्यांतली डावीकडची, पट्ट्याच्या लांबीला धरून असलेली लांबट खिडकी अशा जागी आहे की सरळ आलेली लाट आणि भिंतीवर आपटून परत आलेली लाट तिथेच एकमेकींवर चढतात. तिथे जोर दुप्पट होतो, आणि पट्टा लांबीने सरकत राहिल्यामुळे सगळा माल त्याच जागेखालून जातो. खिडकी सरकवायची आणि आत पंख्यासारखं फिरणारं धातूचं पातं बसवायचं. मग लाटा एका जागी बसणार नाहीत. "होईल भाऊ. आमच्या खर्चाने." त्याने स्टेशनवरून केलेल्या भाड्याच्या गाडीतून हत्यारांची पेटी आणायला माझा एक माणूस पाठवला.

"पेटी उघडू नका," मी म्हणालो.

"का?"

"आधी ते वाक्य."

तो बाहेर जाऊन फोनवर बोलला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "भाऊ, जुना अहवाल बंद झाला आहे. त्यात बदल होत नाही. पण काम 'सुधारणा' म्हणून करून देतो. तुमचं मशीन नीट झालं की झालं ना?"

"नाही झालं."

नाना उठले. "भाऊ, आते ताणू नको. मशीन नीट व्हई ऱ्हायनं ना? मना माल माले भेटू दे. मी कोनला सांगनार नही तुनी बहीनबद्दल."

हे 'सांगणार नाही' मला सर्वांत जास्त लागलं. म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे, आणि नाना उपकार म्हणून ते पोटात ठेवणार. मी म्हणालो, नाना, तुम्ही सांगा. धुळ्याच्या भर चौकात सांगा. पण आज जे पाहिलं तेही सांगा.

इंजिनिअर अक्काकडे वळला. सगळ्यांना वाटतं बाई मधे पडली की भांडण मिटतं. "अक्का, तुम्हीच समजवा यांना. एका ओळीसाठी मशीन बंद ठेवायचं का?"

अक्का उरलेले कच्चे पापड टोपलीत भरत होती. हात थांबवून म्हणाली, "बाबा, तू चांगला माणूस आहे. तुले मी काही म्हणत नही. पण माह्यं नाव तुम्ही लिहून खराब केलं. मंग लिहूनच चांगलं करा. तोंडानं केलेलं मले चालत नही."

मी तिला एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. इंजिनिअर म्हणाला, मी वर सांगतो, आणि हत्यारांची पेटी न उघडता परत गेला.

मशीन बंद राहिलं. ऊन होतं, म्हणून आम्ही पुन्हा गच्चीवर चकत्या घातल्या, वर जाळी बांधली, आणि नानांना पिवळसर पीठ पाठवलं. पाऊस लागल्यावर तेही जेमतेमच निघायचं. नानांनी कुरकुर केली, पण पोऱ्या पाठवायचं नाव काढलं नाही. कंपनीचे फोन यायचे. कधी गोड, कधी नियम सांगणारे. हमीची मुदत सरते आहे, असंही एकदा म्हणाले. मी म्हणालो, सरू द्या. माझी जिद्द सरत नाही. लोक मला म्हणाले, मशीन गंजवून तू स्वतःचंच नुकसान करतोस. बरोबर आहे, माझंच होत होतं. पण ते नुकसान मी निवडलेलं होतं. अक्काचं नुकसान तिने निवडलेलं नव्हतं.

पाऊस संपता संपता तोच इंजिनिअर आला. या वेळी नवा अहवाल घेऊन. जुना रद्द, असं पहिल्या ओळीत. खाली लिहिलं होतं: बोगद्यातील मायक्रोवेव्ह लाटांचे क्षेत्र असमान असल्यामुळे करप येत होती, माल पसरण्याच्या पद्धतीत दोष आढळला नाही. त्याची प्रत धुळ्याला गेली का, हे मी नानांना फोन लावून विचारलं, त्याच्या समोर. गेली होती. त्यानंतर पेटी उघडली.

त्याने काम करता करता सांगितलं, की आता कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक मशीनमध्ये ते काजळीचा लेप दिलेला पातळ काळा कागद अंथरतात आणि थर्मल कॅमेऱ्याने बघतात. कागद फिरवून दुसऱ्यांदाही बघतात. मी विचारलं, ही कल्पना कोणाची म्हणून सांगता? तो ओशाळून हसला. म्हणाला, कंपनीची. असोद्याच्या पापडांचं नाव त्यांच्या कुठल्या कागदावर नाही, माझंही नाही. याचा राग मला आहे, आणि तो मी ठेवणार आहे. तो माझा आहे.

पातं बसलं, खिडकी सरकली. अक्काने चकत्या पसरल्या आणि पट्टा सुरू झाला. पलीकडच्या तोंडाशी मी, इंजिनिअर आणि ठेकेदाराचा तोच कॅमेरा. माल काठापासून काठापर्यंत पांढरा आला. मी एक मूठ उचलून अक्काकडे नेली. तिने त्यातली एक चकती चावून पाहिली आणि मान डोलावली.

मग मी नवा अहवाल तिला वाचून दाखवला, कारण तिचा चष्मा घरी राहिला होता. शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती, ती मी आधी वाचली नव्हती: मशीनवर प्रशिक्षित ऑपरेटर असावा. माझं डोकं पुन्हा तापलं. इंजिनिअर घाईने म्हणाला, ही ओळ सगळ्यांच्याच अहवालात छापलेली असते, भाऊ. मी पेन काढलं.

"राहू दे," अक्का म्हणाली. "बरोबर तं लिहिलं. इथं जी नवी बाई येईन तिले मीच शिकवीन."

तिने पट्ट्याकडे पाठ केली नव्हती. बोलताना हात चालूच होते. पुढच्या महिन्यात असोद्याची आणखी एक बाई कामाला लागली. जाऊच ती, मिठाचा हात भारी असलेली. अक्का तिला चकत्या पसरायला शिकवते, आणि ती चुकली की माझ्यापेक्षा जास्त ओरडते.